फोटो बघलंस?

आमच्या चारकोपच्या सोसायटीत सकाळी खाली उतरणारा माणूस जिन्याच्या शेवटच्या वळणावर थांबून आधी बाकावर कोण बसलंय ते बघायचा. भाऊ बसलेले असले आणि आपल्या फोनवर चलान आलेलं असलं, तर तो सरळ मागच्या फाटकाने निघून जायचा. चलान म्हणजे ते गाडीच्या दंडाचं. पूर्वी पोलीस शिट्टी मारायचा, आपण गयावया करायची, तो मान हलवायचा. आता खांबावरचा कॅमेरा फोटो काढतो आणि फोनवर मेसेज पाठवतो. भांडायला समोर माणूसच नाही. म्हणून भाऊ भांडायचे. सगळ्यांच्या वतीने, आणि बहुतेक वेळा सगळ्यांशी.

पहिला प्रश्न ठरलेला. "फोटो बघलंस?"

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच बजावून ठेवलंय. "माझा नाव खंय लिवू नको गो. लिवलेला नाव पुसूक गावना नाय." उपनगरातल्या एका कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. वाहतुकीच्या केसेसचे कागद लाल फडक्यात बांधून ठेवायचे, त्या गाठोड्यांना तिथे रुमाल म्हणतात. कुठल्या वर्षाचा कुठला रुमाल कुठल्या घोडीवर, म्हणजे मांडणीवर, हे त्यांना पाठ. मालवणकडचे, त्यामुळे लिहायचे कोर्टाच्या कडक मराठीत आणि चिडायचे मालवणीत. बोलणं बहुतेक मालवणीतच व्हायचं, यावरून काय ते समजा.

आणि सगळ्यात मोठी गंमत, या माणसाला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती.

त्यांचा कायदा दुधारी होता. फोटोतला माणूस आपण नसू, तर एक पैसा भरायचा नाही, मग ब्रह्मदेव आला तरी. आणि आपणच असू, तर आत्ताच्या आत्ता, इथेच बाकावर बसून भरायचा. दुसऱ्या मजल्यावरचा इस्टेट एजंट एकदा त्यांच्या तावडीत सापडला. फोटोत तो स्वतः, मागे बायको, मध्ये मेव्हणी, डोक्यावर कोणाच्याच काही नाही. तो म्हणाला, "भाऊ, थांबतो ना थोडं. लोकअदालत लागली की कमी करून मिळतं."

"कित्याक कमी? डांबरार डोक्या आपटला असता तर अर्ध्याच फुटला असता?"

एजंटाने भरलं. नंतर वर्षभर तो मागच्या फाटकाने जायचा.

उलट दुसऱ्याच कुठल्या टेम्पोचा नंबर कॅमेऱ्याने चुकीचा वाचला, आठाचा तीन केला आणि चलान आमच्या भाजीवाल्याला आलं, तर भाऊ त्याच्यासाठी चार वेळा चौकीवर जाऊन बसले. भाजीवाला पाचव्या वेळी रडवेला होऊन म्हणाला, "भाऊ, माझा धंदा बुडतो, मी भरतो." भाऊंनी त्याची मेथी परत केली आणि आठ दिवस दुसऱ्याकडून घेतली. त्याचं चलान रद्द झाल्यावर पुन्हा त्याच्याकडून घ्यायला लागले, पण बोलणं काही झालं नाही.

आता माझ्याकडे येते. त्या वेळची मी म्हणजे वय बासष्ट आणि अक्कल बाराची. आमचे हे जाऊन सात महिने झाले होते. मुलीने मला फोनवरून पैसे भरायला शिकवलं होतं, आणि नव्याने पोहायला शिकलेलं पोर जसं डबकं दिसलं की उडी मारतं तशी मी जे दिसेल ते भरत सुटले होते. विजेचं बिल भरलं, गॅस भरला, मुलीचंही बिल भरलं, तिने आधीच भरलेलं होतं. काही येत नाही म्हणून ज्या बाईला घरात हसत, तिच्या अंगठ्याला चटक लागली होती.

त्यात एक दिवस स्कूटरच्या नंबरवर चलान आलं. फोन ह्यांचाच, तो मी बंद केला नव्हता. मेसेजवर गाडीचा नंबर, हेल्मेट नाही, भरा. मी लिफ्टमध्ये शिरले, आणि लिफ्ट चौथ्यावरून तळाला येईपर्यंत भरून मोकळी झाले. इतका अभिमान वाटला की बाकावर भाऊ दिसल्यावर वाट बदलायच्या ऐवजी मीच त्यांच्याकडे गेले.

"भाऊ, चलान आलं होतं स्कूटरचं. भरूनसुद्धा टाकलं. लिफ्ट खाली यायच्या आत."

भाऊंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग, "फोटो बघलंस?"

"कसला फोटो?"

त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी मेसेजमधल्या त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि फोटो उघडला. दहिसरचा चेकनाका. पाठीमागून काढलेला फोटो. चौकड्याच्या शर्टातला एक गलेलठ्ठ माणूस, डोकं उघडं, खाली स्कूटर, रंग आमच्यासारखाच, नंबर आमचाच. तारीख गेल्या आठवड्यातली.

आमची स्कूटर सात महिने ताडपत्रीखाली होती. आणि आमचे हे कुठे होते ते मी सांगायला नको.

"मेलेलो माणूस," भाऊ हळू म्हणाले, ते हळू बोलले की समजावं आता घर पेटणार, "मेलेलो माणूस दहिसराक हेल्मेट न घालता फिरता, आणि त्याची बायको लिफ्टमध्ये गुन्हो कबूल करता."

"अहो, मी फक्त पैसे भरले."

"भरलंस म्हणजे मानलंस. रेकॉर्डात काय ऱ्हवला? तुझो घोव हेल्मेट घालीत नाय होतो, असा ऱ्हवला."

इथे मला आमच्या ह्यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. हा माणूस कोथिंबीर आणायला हेल्मेट घालून जायचा. चाकात हवा भरताना उकिडवा बसायचा तो हेल्मेट घालून. पट्टा हनुवटीखाली इतका आवळायचा की घरी आल्यावर चहाच्या आधी तो खळगा चोळत बसायचा. मी हसायचे. सोसायटी हसायची. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी लोकांचं हसणं सोसलं, नेमकी तीच मी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या, अंगठ्याने पुसून टाकली होती.

मला वाटलं भाऊ मैत्रीपोटी चिडलेत. म्हटलं, "तुमचं आणि ह्यांचं फार होतं, म्हणून तुम्हाला..."

"फार खंयचा? माका तो माणूस आवडतच नाय होतो. चार बोटा रेषेभायर गाडी लावी. तीन वर्सा सांगतंय." मग थांबून म्हणाले, "पण हेल्मेट घाली."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी बाकापुढून गेले की वर्तमानपत्र उंच व्हायचं. मलाही राग आला होता. कोण हे? कोणी नेमलं यांना? माझा नवरा, माझा फोन, माझे पैसे. मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना, क्षुल्लक गोष्ट आहे." सगळं जग त्या दिवसांत मला जाऊ दे म्हणत होतं. माणूस गेला, जाऊ दे. त्यांचं नाव खराब झालं, जाऊ दे. आणि मी मूर्ख, खरंच जाऊ देत होते.

दीड महिन्याने दुसरं चलान आलं. तोच नाका, तोच चौकड्याचा शर्ट, तेच उघडं डोकं. त्या भामट्याला बरं सापडलं होतं. आमच्या नंबरची खोटी पाटी लावायची, मोकळ्या डोक्याने हिंडायचं, आणि चारकोपची एक म्हातारी लिफ्टमधून खाली येता येता भरून टाकते.

या वेळी मी अंगठा आवरला. तिसऱ्या मजल्यावर जाऊन भाऊंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, मला आत बोलावलं नाही.

"फोटो बघलंस?"

"बघितला. तोच माणूस आहे."

"माणसाचा सोड. माणूस कोणय आसूक शकता. गाडी बघ."

"रंग तोच, नंबर तोच."

"परत बघ."

दारात उभं राहून मी बघत राहिले. बोटांनी फोटो मोठा केला, छोटा केला. भाऊंना स्कूटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते नुसते "बघ" म्हणत होते. त्यांची बायको आतून म्हणाली, "तिका खुर्ची तरी द्या." भाऊ म्हणाले, "बसल्यार दिसाचा नाय." अशा माणसाच्या बायकोने काय काय सोसलं असेल याचा मी विचार करत होते, आणि तेवढ्यात दिसलं.

डाव्या बाजूची जाळी नव्हती.

माझी साडी एकदा मागच्या चाकात अडकली होती, मालाड स्टेशनबाहेर. पडले नाही, पण पदर गेला आणि अब्रूही थोडी गेली. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी गॅरेजवाल्याला गाठून लोखंडी सळयांची जाळी बनवून घेतली आणि डावीकडे पक्की बसवली. साडीगार्ड मोटरसायकलला असतं, आमच्यासारख्या स्कूटरला कोणी लावत नाही. गॅरेजवालासुद्धा म्हणाला होता, साहेब, वाईट दिसेल. तसं ते दिसायचंच. मी तिला कोंबड्यांचा खुराडा म्हणायचे.

फोटोतल्या स्कूटरची डावी बाजू स्वच्छ, गुळगुळीत होती.

"भाऊ, खुराडा नाहीये."

मी समजावून सांगितलं. भाऊंनी पहिल्यांदा मला आत घेतलं, आणि खुर्ची दिली.

फोनवरच्या ॲपवर तक्रार टाकली, जाळीच्या फोटोसकट, मृत्यूच्या दाखल्यासकट. चार दिवसांनी उत्तर आलं, तक्रार फेटाळली, कारण: फोटो स्पष्ट आहे. मी ते वाचलं आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते माझ्या नातीसमोर मी बोलणार नाही. नवरा गेल्याचा दाखला पाठवते आहे, तो कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. मी एकदा फोटो बघितला नाही तर सात जन्मांची मूर्ख ठरले. यांचं तर ते रोजचं काम.

भाऊ मात्र शांत होते. म्हणाले, "आता गाडीच घेवन जाव्या."

मला बरं वाटलं. किल्ली आणायला वळले, तर म्हणाले, "चालवची नाय. मालक वारलो. तुझ्या नावार झाली काय?"

"नाही अजून."

"मगे ढकलूची."

चौकी चांगली अर्ध्या तासाच्या वाटेवर. चौऱ्याहत्तरचे भाऊ आणि बासष्टची मी. आणि निघताना ते म्हणाले, "हेल्मेट घाल."

"भाऊ, ढकलताना?"

"वाटेत कॅमेरो आसा. दोन आसत."

तर अशी आमची वरात निघाली. पुढे भाऊ हँडल धरून, ते कधी धरलेलं नसल्याने स्कूटर सारखी गटाराकडे जायची. मागून मी, साडीत, डोक्यावर ह्यांचं हेल्मेट, पट्टा आवळलेला. इंडस्ट्रियल इस्टेटच्या नाक्यावर रिक्षावाले बघत उभे. एकाने विचारलं, "आजी, पेट्रोल संपलं काय? पाय लावू का मागून?" भाऊ त्याला म्हणाले, "तुझो लायसन बघू."

अर्ध्या वाटेवर दम लागला म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसलो. तिथे त्यांनी स्वतःबद्दल एकदाच काय ते सांगितलं. एक ट्रकवाला आला होता त्यांच्याकडे, फार वर्षांपूर्वी. दंड भरला होता, पण भरल्याची नोंद सापडत नव्हती आणि त्याच्या नावाने वॉरंट निघालं होतं. भाऊंनी दोन रुमाल सोडून बघितले, नाही मिळालं. जेवणाची सुट्टी झाली होती. म्हणाले, उद्या ये. रात्रीच त्याला घरून उचलून नेलं. तिसऱ्या दिवशी कागद मिळाला, चुकीच्या वर्षाच्या रुमालात. "मीच बांधलेलो," भाऊ म्हणाले. "तिसरो रुमाल सोडूक दहा मिनटा लागली असती."

माझ्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं.

"उठ," ते म्हणाले. "जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी पोचाक व्हया."

चौकीवरचा साहेब पस्तिशीचा, दमलेला, वाईट नव्हता. मला बघून म्हणाला, "आजी, हेल्मेट काढा आता. काय झालं?" मी सांगितलं. त्याने संगणकात बघितलं आणि तेच म्हणाला जे मला माहीत होतं तो म्हणणार. "छोटी रक्कम आहे हो. कशाला उन्हात त्रास घेता? भरून टाका."

आता भाऊ पेटणार म्हणून मी बाजूला सरकले. पण भाऊ बोललेच नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मला कळायला वेळ लागला की बोलायचं मला आहे.

"साहेब," मी म्हटलं, "माझा नवरा कोथिंबीर आणायला हेल्मेट घालून जायचा. तुमच्या संगणकात तो मेल्यावर दोनदा उघड्या डोक्याने फिरलाय. रकमेचं मला सांगू नका. तुमच्या वडिलांबद्दल कोणी असं लिहून ठेवलं, तर तुम्ही भरून टाकाल?"

"आजी, फोटो स्पष्ट आहे पण."

"स्पष्ट आसा म्हणानच इलंव," भाऊ म्हणाले. "भायर येवन गाडी बघा."

साहेब बाहेर आला. फोन हातात धरून स्कूटरच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. जाळीच्या सळया हलवून बघितल्या, हलल्या नाहीत. वेल्डिंगवरचा गंज नखाने खरवडून बघितला, जुना होता. मग फोटो बघितला, पुन्हा जाळी बघितली. "हे काय प्रकरण आहे? स्कूटरला कोण लावतं?"

"आमचे हे," मी म्हटलं.

साहेबाने आत जाऊन दुसरं चलान रद्द करायला पाठवलं आणि खोट्या पाटीची तक्रार लिहून घेतली. चहासुद्धा मागवला. मी म्हटलं, "आणि पहिलं?"

त्याने पुन्हा बघितलं. "पहिलं तर भरलंय. भरलेलं रद्द नाही होत आजी. भरलं म्हणजे मान्य केलं."

भाऊंनी साहेबाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. बशीत चहा ओतत राहिले. ते न बघणं मला आजही आठवतं.

पुढे दीड वर्ष भाऊ त्या पहिल्या चलानाच्या मागे होते. अर्ज तेच लिहायचे, सही मी करायची. प्रत्येक अर्जात एक वाक्य असायचं, "अर्जदार महिलेने शोकाकुल मनःस्थितीत भरणा केला." मी म्हटलं, "भाऊ, शोक कसला, मी तर मिरवत होते." ते म्हणाले, "रेकॉर्डार काय जाता तां माका कळता. तू सही कर." बाकावर सगळ्यांसमोर मला मूर्ख म्हणणाऱ्या माणसाने कागदावर एकदाही म्हटलं नाही. उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं: भरणा झालेल्या चलानाबाबत कार्यवाही शक्य नाही. एवढ्या मोठ्या कारभारात माणसाची चूक नोंदवायला जागा आहे, आपली चूक झाली असं नोंदवायला नाही. या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि तो यावा अशीच माझी इच्छा आहे.

मध्यंतरी भाऊंनी पिच्छा पुरवून स्कूटर माझ्या नावावर करून घेतली. दाखले, शपथपत्रं, मुलीची सही, चार फेऱ्या. अखेर माझ्या नावाचं कार्ड आलं. त्या दिवशी सवयीने मी ॲप उघडलं आणि स्कूटरचा नंबर टाकला. पहिलं चलान होतंच. हेल्मेट नाही, भरलेलं. पण वर वाहनमालक म्हणून नाव होतं, ते माझं.

मी तीनदा बघितलं. मग कळलं. त्या यंत्राला माणूस कळतच नाही, त्याला नंबर कळतो. नंबर माझा झाला, तर नंबराचा गुन्हाही माझा झाला. दीड वर्ष अर्ज करून जे सुटलं नाही ते आपोआप सुटलं होतं. आमच्या ह्यांच्या नावावर आता एकही चलान नव्हतं. जन्मभर नव्हतं, तसंच.

धावत खाली गेले आणि भाऊंना फोन दाखवला. मला वाटलं खूश होतील. त्यांचा चेहरा लाल झाला.

"शिरा पडली यांच्या कारभारार. आता तुझ्या नावार खोटा? कागद आण."

"भाऊ, राहू द्या."

"कित्याक ऱ्हवांदे? तू दहिसराक गेल्लंस?"

तेव्हा मी बाकावर बसले आणि जे उभ्या आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. हे ऑफिसला गेले की मी स्कूटर काढायचे. बँकेत, भिशीला, चारकोपच्या बाजारात. आणि हेल्मेट घरी फ्रिजवर. अंबाडा बसायचा नाही त्यात, आणि खरं सांगायचं तर वारा छान लागायचा. संध्याकाळी हे विचारायचे, टोपी घातली होतीस ना? मी म्हणायचे, हो. वीस वर्षं. कधी कोणी पकडलं नाही.

"तेव्हा हा गुन्हा माझा आहे म्हणून समजा," मी म्हटलं. "थोडा उशिरा लागला, एवढंच. शोभतो माझ्या नावाला."

मला वाटलं आता भाऊ हसतील.

"फोटो आसा?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"तुझो. हेल्मेट न घातल्याचो."

"नाही."

"मगे शाबीत होवचा नाय," भाऊ म्हणाले, आणि खिशातून पेन काढून अर्ज लिहायला घेतला.

तो अर्ज त्यांनी मला दिला. खाली सहीपुरती रेघ सोडली होती. पुढे ते जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, मी बाकापुढून गेले की एकच प्रश्न असायचा, "सही केलंस?" आणि मी म्हणायचे, "करते भाऊ." शेवटी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हाही तेच विचारलं, आणि मीही तेच उत्तर दिलं.

अर्ज स्कूटरच्या डिकीत आहे. मी अजून चालवते, चारकोपच्या चारकोपात, ह्यांचं हेल्मेट घालून. पट्टा मला सैल होतो, म्हणून आवळून घेते. घरी आल्यावर हनुवटीखालचा खळगा चोळते. सही अजून केलेली नाही.